पुण्यात नोकरी लागली, पण खोली कुठं घ्यायची? डिपॉझिट भरण्याआधी हे गणित मांडा

आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंग नाहीतर बीकॉम, बीएस्सी झालं की आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी पोरापोरींची वाट पुण्याकडं वळते. कंपनीचं पत्र मोबाईलवर येतं, घरात पेढे वाटले जातात आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. राहायचं कुठं?

बऱ्याच घरांत याचं उत्तर दोन मिनिटांत निघतं. "आपल्या गावचा पोरगा वाघोलीला राहतो, त्याच्या रूमवर जा." किंवा मग, "जिथं भाडं कमी तिथं बघ." दोन्ही सल्ले मायेचे असतात. पण नोकरी हिंजवडीला आणि खोली वाघोलीला अशी गाठ पडली, तर रोजचे तीन-चार तास रस्त्यावर जातात, पेट्रोलचा खर्च भाड्याएवढा होतो आणि दोन-तीन महिन्यांत पोरगं थकून जातं. मग खोली बदलायची तर पहिलं डिपॉझिट अडकलेलं आणि दुसरं भरायला पैसे नाहीत, अशी गत होते.

हा लेख त्यासाठीच आहे. पुण्यात पहिल्यांदा राहायला जाणाऱ्यांनी भाग कसा निवडायचा, कोणते प्रश्न आधी विचारायचे आणि पैसे कधी द्यायचे, ते सोप्या शब्दांत बघू. आई-वडिलांनीही वाचावं, कारण पहिलं डिपॉझिट बहुतेक वेळा त्यांच्याच खिशातून जातं.

'पुणे' म्हणजे एक गाव नाही

नोकरीच्या पत्रावर 'लोकेशन: पुणे' एवढंच लिहिलेलं असतं. पण पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन वेगळ्या महापालिका आहेत आणि त्यांच्या भोवती कारखान्यांनी भरलेली कितीतरी गावं आहेत. वाघोली ते हिंजवडी हे अंतर तीसेक किलोमीटर भरतं. म्हणजे साधारण बीडहून गेवराईला जाण्याएवढं. फरक एवढाच की बीडहून गेवराई पाऊण तासात येते, आणि तिथं सकाळच्या गर्दीत तेवढ्याच अंतराला दीड-दोन तास लागू शकतात.

म्हणून खोली बघण्याआधी कंपनीच्या एचआरला किंवा ज्या कंत्राटदारामार्फत काम लागलं त्याला फोन करून चार गोष्टी विचारून घ्या.

१. रोज ज्या गेटवर हजेरी लावायची त्याचं लोकेशन पाठवा. नुसतं 'हिंजवडी' चालत नाही, फेज एक की फेज तीन ते कळलं पाहिजे. नुसतं 'चाकण' सांगितलं तर कोणत्या फेजमध्ये, कोणत्या रस्त्याला, ते विचारा.

२. शिफ्ट कोणत्या? सकाळी सहाला सुरू होणारी आहे का? रात्रपाळी आहे का? दर आठवड्याला बदलते का?

३. कंपनीची बस आहे का? असेल तर ती कोणकोणत्या स्टॉपवरून निघते?

४. काम कायम आहे, ट्रेनी म्हणून आहे की कंत्राटी? सहा-सात महिन्यांनी दुसऱ्या प्लांटला पाठवतील का?

हे विचारायला लाजू नका. एचआरला असे फोन रोजच येतात. या चार उत्तरांवर तुमची खोली ठरते, भाडं त्यानंतर बघायचं.

कोणत्या नोकरीला कोणता भाग?

हिंजवडी: आयटी कंपन्यांचा मोठा पट्टा, शहराच्या पश्चिमेला. इथं काम करणारे वाकड, ताथवडे, पुनावळे, थेरगाव, बालेवाडी, पिंपळे सौदागर या भागांत राहतात. माण आणि मारुंजी ही गावं तर आयटी पार्कला लागूनच आहेत. फेज तीनमध्ये ऑफिस असेल तर वाकड पुलाजवळची खोली जवळ वाटते, पण तिथून पुढंही सात-आठ किलोमीटर जायचं असतं आणि खरी गर्दी त्याच रस्त्यावर होते. त्यामुळं फेज तीनवाल्यांनी माण, मारुंजीकडं आधी बघावं, फेज एकवाल्यांना वाकड सोयीचं पडतं.

चाकण, भोसरी, तळेगाव: गाड्यांचे आणि सुट्या भागांचे कारखाने. आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांची बरीच भरती इकडंच होते. चाकणला काम असेल तर खुद्द चाकण, मोशी, चिखली, आळंदी, भोसरी असे पर्याय आहेत. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी सगळीकडं प्रसिद्ध आहे. चौकाच्या अलीकडं काम आणि पलीकडं खोली असं झालं तर रोज त्या कोंडीतून जावं लागतं. तळेगावला काम असेल तर पुणे-लोणावळा लोकल हा मोठा आधार आहे. चिंचवड, आकुर्डी, देहूरोड ही स्टेशनं त्याच मार्गावर आहेत. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी खोली मिळाली, आणि तळेगाव स्टेशनवरून कंपनीपर्यंत जायची सोय असली, तर गाडी घ्यायची गरज राहत नाही.

खराडी: शहराच्या पूर्वेला, आपल्याकडून अहिल्यानगरमार्गे जाणाऱ्या रस्त्यावर. इथंही मोठ्या आयटी कंपन्या आणि कॉल सेंटर आहेत. राहायला चंदननगर, वडगाव शेरी, वाघोली, केशवनगर. आपल्या जिल्ह्यातून जाताना पहिलं पुणं लागतं ते वाघोली. गावाकडून येणारी गाडी दारातून जाते म्हणून ओळखीची माणसं तिकडं सापडतात. नोकरी खराडीत असेल तर वाघोली चांगलीच. नोकरी हिंजवडीला असेल तर तेच वाघोली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

हडपसर: सोलापूर रोडवर. मगरपट्टा आणि फुरसुंगीकडच्या आयटी कंपन्या, शिवाय इतर छोटे-मोठे उद्योग. राहायला मांजरी, फुरसुंगी, मुंढवा, ससाणेनगर. अंबाजोगाई, केजकडच्या ज्या गाड्या सोलापूर रोडनं येतात, त्यांना हडपसर सोयीचं.

रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी: पत्रात 'पुणे' लिहिलेलं असलं तरी रांजणगाव पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात आहे. इथं काम लागलं तर पुणे शहरात खोली घेण्यात काही अर्थ नाही. रांजणगाव, कारेगाव, शिरूर किंवा शिक्रापूर इथंच बघा. आपल्या गावालाही तेवढेच जवळ राहता.

स्वस्त खोली महाग कशी पडते?

आता हिशेब मांडू. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे आकडे घाला.

समजा नोकरी हिंजवडी फेज तीनला आहे. वाघोलीत मित्रांबरोबर राहिलात तर वाट्याला ३,५०० रुपये भाडं येतं. माणला तशीच सोय ६,००० रुपयांत मिळते. पहिल्या नजरेत वाघोली अडीच हजारांनी स्वस्त.

वाघोलीहून मोटारसायकलवर जाऊन-येऊन रोज ६५ किलोमीटर धरा. महिन्याचे २५ दिवस म्हणजे १,६२५ किलोमीटर. गाडी लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर साडेबत्तीस लिटर पेट्रोल लागतं. लिटर १०५ रुपये धरलं तर जवळजवळ ३,४०० रुपये झाले. भाडं आणि पेट्रोल मिळून ६,९०० रुपये.

माणहून रोज १० किलोमीटर धरा. महिन्याला २५० किलोमीटर, पाच लिटर पेट्रोल, ५२५ रुपये. भाडं आणि पेट्रोल मिळून ६,५२५ रुपये.

म्हणजे अडीच हजारांनी स्वस्त दिसणारी खोली महिन्याला पावणेचारशे रुपयांनी महाग पडली. सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक यांचा खर्च यात धरलेलाच नाही.

आता वेळेचं बघू. वाघोलीहून एका बाजूला पावणेदोन तास धरले तर रोजचे साडेतीन तास, महिन्याचे साडेसत्याऐंशी तास. माणहून रोजचा एक तास, महिन्याचे पंचवीस तास. फरक साडेबासष्ट तासांचा. आठ तासांची ड्युटी धरली तर जवळपास आठ दिवसांचं काम नुसतं रस्त्यावर गेलं. त्यात रात्रपाळी करून झोपेच्या डोळ्यांनी एवढा रस्ता मोटारसायकलवर कापायचा. यात धोका पैशाचा नाही, जिवाचा आहे. घरच्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

म्हणून भाड्याचा आकडा एकटा बघू नका. भाडं, येण्याजाण्याचा खर्च, मेस, लाइट आणि पाणी या सगळ्यांची बेरीज करा आणि मग दोन भागांची तुलना करा.

मोटारसायकल नसेल तर पीएमपीची बस आहे. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला महिन्याचा पास १,५०० रुपयांना झाला. रोज दोन बस बदलून जाणाऱ्याला पास परवडतो. पण तुमच्या शिफ्टच्या वेळेला त्या रस्त्यावर बस आहे का, हे आधी स्टॉपवर उभं राहून बघा. पहाटे पाचला आणि रात्री साडेअकराला बस मिळेलच असं नाही.

कंपनीची बस असेल तर गोष्ट आणखी सोपी होते. अशा वेळी कंपनीपासून अंतर मोजू नका, बसच्या स्टॉपपासून मोजा. खोलीतून दहा मिनिटांत चालत स्टॉपवर पोचता आलं की झालं.

मेट्रो 'होणार आहे' याचं भाडं देऊ नका

पुण्यात मेट्रोचे दोन मार्ग आधीपासून चालू आहेत. एक पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट आणि दुसरा वनाज ते रामवाडी. दोन्ही जिल्हा न्यायालय स्टेशनवर एकमेकांना मिळतात. स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. याशिवाय माण-हिंजवडी ते शिवाजीनगर असा साधारण २३ किलोमीटरचा तिसरा मार्ग आहे. रामवाडीहून पुढं वाघोलीकडं मार्ग वाढवायला केंद्र सरकारनं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली.

खोली दाखवणारा एजंट हमखास म्हणतो, "मेट्रो इथूनच जाणार आहे." मंजुरी, काम आणि प्रत्यक्ष गाडी धावणं यांत कैक वर्षं जातात. तुमचा करार अकरा महिन्यांचा असतो. म्हणून आज ज्या स्टेशनवर गाडी थांबते तेच स्टेशन धरून हिशेब करा. उलट जिथं मेट्रोचं काम चालू असतं तिथला रस्ता अरुंद झालेला असतो आणि कोंडी जास्त असते.

पाणी कुठून येतं, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका

आपल्या जिल्ह्याला पाण्याचं मोल सांगायची गरज नाही. पण पुण्यात गेल्यावर 'शहर आहे म्हणजे नळाला पाणी असणारच' असं आपण धरून चालतो. तसं नसतं.

पुणे महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं घेतली गेली. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी ही त्यांतलीच. हद्दीत नाव आलं तरी पाण्याची लाईन लगेच येत नाही. अशा भागांत बऱ्याच इमारती बोअर आणि टँकरवर चालतात. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ ला दिवसाआड पाणी सुरू झालं आणि पुढं कैक वर्षं तेच चालू राहिलं. माण, मारुंजी, हिंजवडी इथंही टँकर नवीन नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येनं सापडले. त्या वेळी महापालिकेनं तिथल्या विहिरी, टँकर आणि जारचं पाणी देणारे खासगी आरओ प्लांट तपासले. कितीतरी नमुने पिण्यालायक नव्हते आणि काही प्लांट बंद करावे लागले. जारचं पाणी गार आहे म्हणजे ते शुद्ध असतंच असं नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

म्हणून खोली बघायला गेल्यावर घरमालकाला आणि शेजाऱ्याला, दोघांनाही वेगवेगळं विचारा. पाणी महापालिकेचं की बोअरचं? रोज येतं की दिवसाआड? उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं? प्यायचं पाणी कुठून आणता? शेजाऱ्याचं उत्तर खरं समजा. आणि पाण्याचा भरवसा नसेल तिथं उकळून प्या.

नदी-ओढ्याच्या काठची खोली

पावसाळ्यात खोली बघत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर येऊन कात्रज ते सहकारनगर, अरण्येश्वर या भागांत पाणी घुसलं आणि माणसं दगावली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं.

काठावरच्या तळमजल्याच्या खोल्या स्वस्त असण्याचं एक कारण हेच असतं. खोलीपासून नदी किंवा ओढा दिसत असेल तर पानटपरीवाल्याला, किराणा दुकानदाराला विचारा, "पावसात पाणी कुठपर्यंत येतं?" तो हातानं खूण करून दाखवील. भिंतीवर ओलीची रेघ दिसते का तेही बघा.

गावच्या पोरांच्या रूमवर राहावं का?

राहावं, पण पहिले दोन-तीन आठवडे. नवीन शहरात आपली भाषा बोलणारं, आजारी पडल्यावर दवाखान्यात नेणारं माणूस जवळ असणं ही मोठी गोष्ट आहे. तेवढ्या दिवसांत नोकरीचा रस्ता, शिफ्ट, पगाराची तारीख सगळं कळतं. पहिला पगार हातात पडेपर्यंत करार करायची घाई नको.

पण तिथंही पहिल्याच दिवशी बोलून घ्या. भाड्यातला वाटा किती, मेस किती, लाइट बिल कसं वाटायचं. पाहुणा म्हणून आठ दिवस ठीक असतं, पुढं न बोलता राहिलं की गावाकडच्या घरांपर्यंत कुरबुरी पोचतात. ती पोरं दुसऱ्या टोकाला राहत असतील तर रविवारी भेटायला जा, रोज तिथून कामाला जाऊ नका.

एकट्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी 'कॉट बेसिस' हा चांगला पर्याय आहे. एका खोलीत तीन-चार कॉट, प्रत्येकाचं भाडं वेगळं. डिपॉझिट कमी असतं आणि नोकरी बदलली तर सोडून जाणं सोपं. ट्रेनी किंवा कंत्राटी काम असेल तर वन बीएचकेच्या नादी लागण्यापेक्षा पहिले सहा महिने कॉट बेसिसच बरा.

आणखी एक कडू गोष्ट माहीत असू द्या. काही सोसायट्या अविवाहित पोरांना खोली देत नाहीत, आणि काही घरमालक जात, धर्म, गाव विचारतात. असं कानावर आलं तर मन खट्टू करून घेऊ नका आणि खोटंही सांगू नका. दुसरी खोली बघा. नोकरदारांची वस्ती असलेल्या भागांत असे प्रश्न त्यामानानं कमी येतात.

लेकींसाठी भाग निवडताना

मुलगी नोकरीला चालली असेल तर 'सुरक्षित भाग' एवढं म्हणून भागत नाही. नेमकं बघायचं ते असं: बसस्टॉप किंवा मेट्रोपासून खोलीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, रात्री नऊनंतर दुकानं उघडी असतात का, इमारतीला वॉचमन आहे का, बाथरूम स्वतंत्र आहे का. हा रस्ता दिवसा बघून उपयोग नाही, संध्याकाळी अंधार पडल्यावर चालून बघा.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय मालकानं करायची असते. आयटी कंपन्या, कॉल सेंटर यांत काम करणाऱ्यांनी रुजू होतानाच हे विचारून घ्यावं. खोलीही अशा ठिकाणी असावी की कंपनीची कॅब गल्लीच्या तोंडाशी न थांबता दारापर्यंत येईल. अडचणीच्या वेळी ११२ हा नंबर लक्षात असू द्या.

पहिल्या सहा महिन्यांसाठी महिलांचं वसतिगृह किंवा पीजी बघत असाल, तर आधी तिथं राहणाऱ्या दोन मुलींशी बोला. जेवण, पाणी आणि गेट बंद व्हायची वेळ याबद्दल त्या खरं सांगतात. शिफ्ट रात्री अकराला सुटत असेल आणि गेट दहाला बंद होत असेल तर ते पीजी कितीही चांगलं असलं तरी कामाचं नाही.

पैसे देण्याआधी कागद

पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट मागतात. एजंट मधे असेल तर बहुतेक तोही एका महिन्याचं भाडं घेतो. म्हणजे भाडं ८,००० असेल तर पहिल्या दिवशी तीस-चाळीस हजारांची तयारी लागते. शेतकऱ्याच्या आणि ऊसतोड करणाऱ्याच्या घरात हा आकडा लहान नाही. त्यासाठी उचल घेऊ नका, व्याजानं पैसे काढू नका. आधी कॉट बेसिसवर राहून दोन-तीन पगारांतून डिपॉझिट जमवा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो. "आपल्यात कशाला कागद" असं म्हणणाऱ्या मालकाला नम्रपणे सांगा, कंपनीत पत्त्याचा पुरावा द्यायचा आहे.

करारात या गोष्टी स्वतः वाचून घ्या. डिपॉझिट किती आणि सोडल्यावर किती दिवसांत परत मिळणार. खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं. ठरावीक महिने सोडताच येणार नाही अशी अट, म्हणजे लॉक-इन, आहे का. लाइट सबमीटरवर असेल तर युनिटचा दर काय. जाताना रंगाचे पैसे कापणार का. ट्रेनी आणि कंत्राटी पोरांनी लॉक-इनची अट मान्य करू नये, कारण उद्या काम संपलं तरी भाडं द्यावं लागेल.

राहायला जायच्या दिवशी खोलीचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. नळ, भिंती, पंखे, मीटरचं रीडिंग सगळं त्यात येऊ द्या आणि तो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. डिपॉझिट रोख देऊ नका. बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, म्हणजे पुरावा राहतो.

फसवणुकीचा एक प्रकार फार चालतो. ऑनलाइन छान खोलीचे फोटो, भाडं बाजारापेक्षा कमी, आणि मालक म्हणतो, "मी सैन्यात आहे, बदली झाली, टोकन पाठवा म्हणजे चावी देतो." नाहीतर "पैसे परत मिळवायला हा क्यूआर कोड स्कॅन करा." पैसे घेण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे हातून जातात.

ठरवण्याआधी एक सकाळ तिथं काढा

खोली पसंत पडली की दुसऱ्या दिवशी, रविवार सोडून, शिफ्टच्या वेळेला त्या खोलीपासून कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन बघा. ज्या वाहनानं रोज जाणार त्याच वाहनानं. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मोबाईलवरचा नकाशा दुपारी दोनला वीस मिनिटं दाखवतो, सकाळी साडेआठला तोच रस्ता तासाचा होतो. सुट्टीच्या दिवशी बघून ठरवलेली खोली सोमवारी लांब पडते.

जाताना हा मजकूर जवळ ठेवा आणि एकेक गोष्ट तपासा:

- गेटपर्यंत किंवा कंपनीच्या बसस्टॉपपर्यंत प्रत्यक्ष किती वेळ लागला?
- भाडं, प्रवास, मेस, लाइट, पाणी यांची बेरीज हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आत बसते का?
- पाणी कुठलं, उन्हाळ्यात काय?
- शेजारी आणि दुकानदार काय म्हणतात?
- रात्री परतताना रस्ता कसा आहे?
- गावाकडची एसटी कुठं मिळते? आपल्या भागातल्या ज्या गाड्या शिवाजीनगरला जातात, त्यांचं स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं गेलं होतं. निघताना कंडक्टरला विचारून घ्या.
- लेखी, नोंदणी केलेला करार द्यायला मालक तयार आहे का?

या सात प्रश्नांची उत्तरं बरी आली तर खुशाल डिपॉझिट भरा. दोन-तीन उत्तरं अडली तर आणखी आठ दिवस मित्राच्या रूमवर काढा आणि दुसरी खोली बघा. पुण्यात खोल्या संपत नाहीत. एजंट "उद्या जाईल, आत्ता टोकन द्या" म्हणतो तेव्हा तर एक दिवस थांबाच.

तुमच्या ओळखीत कुणाला पुण्याचं पत्र आलं असेल, तर हा लेख आजच त्याच्या मोबाईलवर पाठवा. पैसे भरून झाल्यावर वाचून उपयोग नाही.